दादासाहेब गवई: विधान परिषद, संसद आणि दोन राजभवने – एका रिपब्लिकन नेत्याचा राजकीय प्रवास

रामकृष्ण सूर्यभान गवई, म्हणजेच रा. सू. गवई, हे महाराष्ट्राच्या आंबेडकरी राजकारणातील एक मोठे नाव. चळवळीत ते 'दादासाहेब' म्हणून ओळखले जात. विधान परिषदेचे उपसभापती, सभापती आणि विरोधी पक्षनेते, लोकसभेचे खासदार, राज्यसभेचे खासदार, बिहारचे राज्यपाल आणि केरळचे राज्यपाल अशी पदे त्यांनी भूषविली. रिपब्लिकन पक्षातून पुढे आलेल्या फार थोड्या बौद्ध नेत्यांना एवढी घटनात्मक पदे मिळाली.

आजच्या तरुण पिढीला त्यांची ओळख बहुधा माजी सरन्यायाधीश भूषण गवई यांचे वडील म्हणून आहे. मात्र दादासाहेबांची कारकीर्द स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखी आहे. आपला माणूस मोठ्या पदावर गेला की समाजाला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न बीडपासून भंडाऱ्यापर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याला पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधायला दादासाहेबांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

थोडक्यात जीवनपट

- जन्म: ३० ऑक्टोबर १९२९, दारापूर (ता. दर्यापूर, जि. अमरावती)
- विधान परिषद सदस्य: १९६४ ते १९९४
- विधान परिषदेचे उपसभापती: १९६८ ते १९७८
- विधान परिषदेचे सभापती: १९७८ ते १९८२
- विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते: १९८६ नंतर काही काळ
- लोकसभा सदस्य, अमरावती: १९९८ ते १९९९
- राज्यसभा सदस्य, महाराष्ट्र: २००० ते २००६
- बिहारचे राज्यपाल: जून २००६ ते जुलै २००८
- केरळचे राज्यपाल: जुलै २००८ ते सप्टेंबर २०११
- निधन: २५ जुलै २०१५, नागपूर

दारापूर ते विधान परिषद

दारापूर हे विदर्भातील एक खेडे. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेव्हा गवई सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. धर्मांतरानंतर दोन महिन्यांच्या आत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. गवईंची पिढी याच पोरक्या काळात घडली. डोक्यावर बाबासाहेबांचा हात नव्हता, पक्ष नवा होता आणि गावोगावी नवबौद्धांवर बहिष्कार पडत होते.

या काळात पक्षाचे सर्वात मोठे लोकनेते होते कर्मवीर दादासाहेब गायकवाड. भूमिहीनांसाठीचा १९६४-६५ चा देशव्यापी सत्याग्रह ही त्यांच्या नेतृत्वाची सर्वात मोठी कामगिरी. गवई गायकवाडांच्या प्रवाहातले. १९६४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते विधान परिषदेवर गेले आणि सलग तीस वर्षे त्या सभागृहात राहिले. १९६८ साली ते उपसभापती झाले. नियमांची जाण, बोलण्यातला संयम आणि सर्व पक्षांतील नेत्यांशी जुळवून घेण्याचा स्वभाव ही त्यांची ओळख याच सभागृहात तयार झाली.

पक्ष, गट आणि युती

गवईंची कारकीर्द समजून घ्यायची तर रिपब्लिकन पक्षातील फूट समजून घ्यावी लागते. स्थापनेनंतर दोन-तीन वर्षांतच पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे तट पडले. वाद होता तो पक्षाने कोणाच्या प्रश्नावर उभे राहायचे याचा. जमीन आणि मजुरीचे प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरायचे, की घटनात्मक हक्क आणि शिक्षित वर्गाचे प्रश्न पुढे ठेवायचे? पुढे या वादात नेत्यांचे मानपान मिसळले आणि तट कायमचे झाले.

१९६७ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण आणि दादासाहेब गायकवाड यांच्यात समझोता झाला आणि काँग्रेस-रिपब्लिकन युतीचे पर्व सुरू झाले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये गायकवाड गेले. त्यानंतर पक्षात बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा गट आणि रा. सू. गवई यांचा गट असे दोन मोठे प्रवाह राहिले. खोब्रागडे हे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. म्हणजे एकाच वेळी पक्षातील एक नेता राज्यसभेचा उपसभापती होता, तर दुसरा विधान परिषदेचा. तरीही गावात मार खाणाऱ्या माणसाला पक्षाचा आधार वाटेनासा झाला होता. हाच संताप घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या तरुणांचा राग सवर्ण अत्याचाऱ्यांवर जेवढा होता, तेवढाच गटबाजी करणाऱ्या रिपब्लिकन नेत्यांवरही होता.

गवईंनी मात्र आपला मार्ग बदलला नाही. त्यांची वाट रस्त्यावरच्या संघर्षापेक्षा सभागृहाची होती. मोठ्या पक्षाशी युती करून सत्तेच्या चौकटीत आपली जागा राखायची, हे त्यांच्या राजकारणाचे सूत्र राहिले.

सभापतींचे आसन आणि नामांतर

बीड जिल्ह्यातील वाचकांचा दादासाहेबांशी सर्वात जवळचा संबंध येतो तो येथे.

१९७८ साली गवई विधान परिषदेचे सभापती झाले. त्याच वर्षी २७ जुलै रोजी विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार तेव्हा पुलोद सरकारचे मुख्यमंत्री होते आणि त्यांचे सरकार येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते.

त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणापासून दूर राहिलेल्या या भागात बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय काढले होते. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतली दलितांची पहिली पदवीधर पिढी तेथून बाहेर पडली. म्हणून नामांतराची मागणी भावनेची होती तशीच कृतज्ञतेची आणि हक्काचीही होती.

ठराव मंजूर झाला आणि मराठवाड्यात दंगली पेटल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली. त्यानंतर लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास आणि बलिदाने यांची सोळा वर्षे गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले. बीड जिल्हा मात्र बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातच राहिला. आज बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर हे नाव असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ठराव झाला तेव्हा वरिष्ठ सभागृहाच्या सभापतिपदी एक बौद्ध माणूस होता. ही घटना ऐतिहासिक आहे. पण सभापतीला पक्षाच्या वतीने बोलता येत नाही आणि समसमान मते पडली तरच निर्णायक मत देता येते. सभागृहाने एकमुखाने केलेला ठराव गावात अमलात आणण्याची ताकद त्या आसनात नव्हती. ती ताकद शेवटी उभी राहिली रस्त्यावर, सोळा वर्षांच्या चळवळीतून. सभागृहातील ठराव नसता तर चळवळीला कायदेशीर आधार मिळाला नसता आणि चळवळ नसती तर ठराव कागदावरच राहिला असता. दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या होत्या.

१९९८: खुल्या जागेवरचा विजय

गवई तीस वर्षे विधान परिषदेत होते, पण परिषदेवर सामान्य मतदार थेट निवडून देत नाहीत. थेट लोकांच्या मतांवर ते सभागृहात गेले ते एकदाच, १९९८ साली.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. त्यानंतर समाजातून ऐक्याचा प्रचंड रेटा आला आणि रिपब्लिकन गट एकत्र आले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी समझोता झाला. निकाल असा लागला: महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेस ३३, शिवसेना ६, भाजप ४, रिपब्लिकन पक्ष ४ आणि शेतकरी कामगार पक्ष १. रिपब्लिकन पक्षाचे खासदार भाजपच्या खासदारांइतके होते, हे आज सांगितले तर अनेक तरुणांना खरे वाटत नाही.

निवडून आलेले चौघे होते प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती), रामदास आठवले (मुंबई उत्तर मध्य) आणि जोगेंद्र कवाडे (चिमूर). चारही मतदारसंघ तेव्हा खुले होते. राखीव जागेच्या कुंपणाबाहेर, सर्व समाजांची मते घेऊन बौद्ध उमेदवार निवडून येऊ शकतात, हे त्या निवडणुकीने दाखवून दिले.

हा क्षण टिकला नाही. लोकसभा एप्रिल १९९९ मध्ये विसर्जित झाली, म्हणजे दादासाहेबांना खासदारकीचे जेमतेम तेरा महिने मिळाले. तोवर काँग्रेस फुटण्याच्या वाटेवर होती आणि रिपब्लिकन ऐक्यही विस्कटले. १९९९ मध्ये प्रकाश आंबेडकर भारिप बहुजन महासंघातर्फे अकोल्यातून आणि आठवले पंढरपूरच्या राखीव जागेवरून निवडून आले. अमरावतीची जागा शिवसेनेच्या अनंत गुढे यांच्याकडे परत गेली.

राज्यसभा आणि तिचे गणित

२००० साली गवई महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले आणि २००६ पर्यंत खासदार राहिले. कार्यकर्त्यांनी या निवडणुकीचे गणित समजून घेणे उपयोगाचे आहे.

राज्यसभेच्या सदस्यांना विधानसभेचे आमदार निवडून देतात. महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत, पण त्या एकदम भरत नाहीत. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागा रिकाम्या होतात. एका वेळी ६ जागा असतील आणि २८८ आमदार मतदान करणार असतील, तर २८८ ला ७ ने भागून त्यात एक मिळवायचा. उत्तर येते ४२. म्हणजे एका उमेदवाराला साधारण ४२ आमदारांची पहिल्या पसंतीची मते लागतात.

रिपब्लिकन पक्षाच्या कोणत्याही गटाकडे इतके आमदार कधीच नव्हते. त्यामुळे राज्यसभेची जागा मिळणे म्हणजे मोठ्या पक्षाने आपली मते देणे. आणि मोठा पक्ष मते फुकट देत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत समाजाची मते आपल्याकडे वळवण्याचा तो मोबदला असतो. या व्यवहारात नेत्याला सहा वर्षांची खासदारकी मिळते. पक्षाच्या कार्यकर्त्यांना जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत, विधानसभेत किती जागा मिळाल्या, हा हिशेब मात्र अनेकदा मांडलाच जात नाही. हा दोष एकट्या गवईंचा नाही. सर्व गटांच्या राजकारणाचा तो दोष राहिला आहे.

पाटणा: बोधगयेच्या राज्यात

जून २००६ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, गवई बिहारचे राज्यपाल झाले. त्या काळात पाटण्याच्या राजभवनाकडे देशाचे लक्ष होते. राज्यपाल बुटासिंग यांच्या अहवालावरून मे २००५ मध्ये बिहारची विधानसभा विसर्जित करण्यात आली होती. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वर प्रसाद खटल्यात ती कृती घटनाबाह्य ठरवली आणि बुटासिंग यांना पद सोडावे लागले. नितीश कुमार यांचे सरकार नुकतेच आले होते. केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार, राज्यात विरोधकांचे सरकार आणि मध्ये राज्यपाल, अशा स्थितीत राजभवनाची अब्रू सांभाळणारा माणूस हवा होता. सभापतिपदाचा अनुभव असलेले गवई या जागी दोन वर्षे राहिले.

बौद्धांसाठी या नेमणुकीला वेगळा अर्थ होता. बोधगया बिहारमध्ये आहे. महाबोधी विहाराचा कारभार १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार चालतो. या कायद्याने व्यवस्थापन समितीत बौद्ध आणि हिंदू सदस्यांची संख्या समान ठेवली आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. विहार बौद्धांच्या ताब्यात द्यावे ही मागणी जुनी आहे आणि आजही त्यासाठी आंदोलन सुरू आहे. मग बौद्ध राज्यपाल असताना कायदा का बदलला नाही, असा प्रश्न तरुण विचारतात.

उत्तर राज्यघटनेत आहे. कायदा करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा. राज्यपाल संमत झालेल्या विधेयकावर सही करतात, ते एकदा परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींकडे राखून ठेवू शकतात. स्वतः कायदा करू शकत नाहीत. कलम १६३ नुसार त्यांना सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागते. बोधगयेचा कायदा बदलायचा तर बिहार विधानसभेत बहुमत लागते, राजभवनात आपला माणूस असून भागत नाही.

याच काळातली आणखी एक घटना मनाला टोचते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची अमानुष हत्या झाली. महाराष्ट्रभर बौद्ध समाज रस्त्यावर आला. त्या वेळी विदर्भातील सर्वात ज्येष्ठ रिपब्लिकन नेता पाटण्याच्या राजभवनात होता. राज्यपालाला मोर्चा काढता येत नाही, पक्षाची बाजू घेऊन बोलता येत नाही. पद जितके उंच, तितकी राजकीय जीभ बांधलेली, हा या पदांचा नियमच आहे.

तिरुवनंतपुरम: लावलिन प्रकरण

जुलै २००८ मध्ये बिहार आणि केरळच्या राज्यपालांची अदलाबदल झाली. रघुनंदनलाल भाटिया पाटण्याला गेले आणि गवई तिरुवनंतपुरमला आले. गवईंच्या कारकिर्दीतला सर्वात गाजलेला निर्णय त्यांनी केरळमध्ये घेतला.

पल्लिवासल, सेंगुलम आणि पन्नियार या जलविद्युत प्रकल्पांच्या नूतनीकरणाचे काम एसएनसी-लावलिन या कॅनडाच्या कंपनीला देण्यात गैरव्यवहार झाल्याचा आरोप होता. पिनराई विजयन १९९६ ते १९९८ या काळात राज्याचे वीजमंत्री होते. २००९ साली ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राज्य सचिव होते आणि त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकार राज्यात होते. सीबीआयने विजयन यांच्यावर खटला चालवण्यासाठी मंजुरी मागितली. मंत्रिमंडळाने मंजुरी देऊ नये असा सल्ला दिला. ७ जून २००९ रोजी गवईंनी तो सल्ला बाजूला ठेवून मंजुरी दिली.

डाव्या पक्षांनी या निर्णयावर कडाडून टीका केली. केंद्रातील सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा निर्णय, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला कायद्याचा एक आधार होता. २००४ साली मध्य प्रदेशातील दोन मंत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले होते की, राज्यपाल सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात, पण आपल्याच मंत्र्याच्या खटल्याबाबत मंत्रिमंडळ पक्षपाताने वागत असल्याचे दिसले तर राज्यपाल स्वतःच्या विवेकाने मंजुरी देऊ शकतात.

पुढे काय झाले तेही नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केले. ऑगस्ट २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सीबीआय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान २०१६ साली विजयन केरळचे मुख्यमंत्री झाले होते.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. खटल्याला मंजुरी देणे म्हणजे आरोपीला दोषी ठरवणे नव्हे. मंजुरी म्हणजे फक्त न्यायालयाचा दरवाजा उघडणे. विजयन आरोपमुक्त झाले म्हणून मंजुरी चुकीची होती असे आपोआप ठरत नाही. तसेच मंजुरी कायद्यात बसत होती म्हणून राज्यपालांनी निवडून आलेल्या सरकारचा सल्ला डावलणे हा नेहमीचा मार्ग व्हावा, असेही नाही. आज अनेक राज्यांत राज्यपाल आणि सरकार यांचे वाद न्यायालयात जात आहेत. ते समजून घेण्यासाठी हे प्रकरण चांगला धडा आहे.

मे २०११ मध्ये केरळमध्ये सत्तांतर झाले आणि गवईंनी ओमन चंडी यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. सप्टेंबर २०११ मध्ये ते राजभवनातून निवृत्त झाले.

उलट दिशेचा प्रवास: सुशीलकुमार शिंदे

गवई राज्यसभेतून राजभवनात गेले. महाराष्ट्रातील आणखी एक नेता त्याच काळात उलट दिशेने गेला. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे हे अनुसूचित जातीतील, पण काँग्रेसच्या मुख्य प्रवाहातले नेते. जानेवारी २००३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. २००४ ची विधानसभा निवडणूक आघाडीने त्यांच्या काळात जिंकली, पण मुख्यमंत्रिपद विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राजभवन सोडले, केंद्रात वीजमंत्री झाले आणि राज्यसभेवर निवडून गेले. २००९ मध्ये ते सोलापूरच्या राखीव जागेवरून लोकसभेत गेले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले.

फरक उघड आहे. शिंदे मोठ्या पक्षात होते, म्हणून राजभवन त्यांच्यासाठी विसावा ठरला आणि तेथून ते पुन्हा सत्तेत परतले. गवई स्वतःच्या छोट्या पक्षाचे होते, म्हणून राजभवन त्यांच्यासाठी प्रवासाचा शेवट ठरले. मोठ्या पक्षात राहिलेल्याला निर्णयाची खाती मिळाली, पण पक्षाची धोरणे ठरवण्याचा हक्क मिळाला असे म्हणता येत नाही. स्वतंत्र पक्ष ठेवणाऱ्याने निळा झेंडा राखला, पण खाते त्याच्या हाती आले नाही. हा पेच आजही सुटलेला नाही.

दीक्षाभूमी: टिकून राहिलेले काम

पदांच्या यादीत न बसणारे दादासाहेबांचे मोठे काम म्हणजे दीक्षाभूमी. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले. दीक्षाभूमीचा भव्य स्तूप वास्तुविशारद शिवदान मल यांनी रचला. १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले.

अशोक विजयादशमीला बीडहून, जालन्याहून, लातूरहून बस, जीप आणि रेल्वेने लोक दीक्षाभूमीवर जातात. गवईंना कधी मत न दिलेले, त्यांच्या गटाशी भांडलेले लोकही त्याच स्तूपासमोर नतमस्तक होतात. राज्यपालपदाचा काळ संपतो, संस्था मात्र टिकते.

टीका आणि मूल्यमापन

दादासाहेबांवर झालेली मुख्य टीका अशी: त्यांनी काँग्रेसची साथ सोडली नाही, त्यामुळे पक्षाची स्वतंत्र ताकद वाढली नाही. पक्ष गटाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि नेतृत्व घरात राहिले. २००९ मध्ये अमरावती मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला तेव्हा त्यांचे पुत्र डॉ. राजेंद्र गवई आघाडीचे उमेदवार होते. शिवसेनेच्या आनंदराव अडसूळ यांनी त्यांचा पराभव केला.

बचावाची बाजूही तितकीच खरी आहे. बौद्ध समाज महाराष्ट्रात सर्वत्र विखुरलेला आहे. एखादा मतदारसंघ एकट्याच्या बळावर जिंकता येईल असे चित्र क्वचितच असते. युती न करता उभे राहिलेल्या उमेदवारांची अनामत जप्त झाल्याची उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. दलितांचा प्रवेशच नव्हता अशा सभागृहांत गवईंनी अर्धशतक वावर ठेवला. त्यांच्या घटनात्मक आचरणाविषयी विरोधकही आदराने बोलत. त्यांचे वकील होण्याचे स्वप्न अपुरे राहिले होते, असे भूषण गवई यांनी जाहीर भाषणात सांगितले आहे. १४ मे २०२५ रोजी तोच मुलगा देशाचा पहिला बौद्ध सरन्यायाधीश झाला.

बीडच्या कार्यकर्त्यासाठी यातून काय?

बीड जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. त्यांपैकी फक्त केज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेची जागा खुली आहे. म्हणजे राखीव जागेपुरता विचार केला तर जिल्ह्यातील बौद्ध कार्यकर्त्याच्या वाट्याला विधानसभेचा एकच मतदारसंघ येतो, आणि तेथेही उमेदवार बहुधा मोठा पक्ष ठरवतो.

दादासाहेबांच्या कारकिर्दीतून तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, पद आणि ताकद यांत फरक करायला शिकणे. सभापती, राज्यपाल ही मानाची पदे आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण गायरान जमिनीचा पट्टा, अत्याचाराच्या गुन्ह्यातील तपास, ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलांची शाळा, शिष्यवृत्तीची थकबाकी हे प्रश्न तहसील, पोलीस ठाणे, समाजकल्याण कार्यालय आणि जिल्हा परिषदेत सुटतात. तेथे आपले किती लोक आहेत हे आधी मोजावे.

दुसरी, युती करताना हिशेब लेखी मांडणे. एका नेत्याच्या खासदारकीच्या बदल्यात तालुक्यातील कार्यकर्त्यांना काय मिळणार, हे निवडणुकीआधी विचारले पाहिजे. निवडणूक झाल्यावर विचारणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही.

तिसरी, १९९८ विसरू नये. चार गट एकत्र आले तेव्हा चार खुल्या जागा जिंकता आल्या. वेगळे झाल्यावर एका वर्षात ते चित्र पुसले गेले. ऐक्य नेत्यांनी केले नव्हते, लोकांनी करायला लावले होते. नेते वेगळे झाले तेव्हा लोकांनी त्यांना जाब विचारला नाही, ही आपली चूक.

दादासाहेब गवई दारापूरच्या मातीतून निघाले आणि दोन राज्यांच्या राजभवनांत पोहोचले. २०१५ साली त्याच दारापूरला शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या प्रवासाचा आदर राखूनच त्याची चिकित्सा केली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला विभूतिपूजेपासून सावध केले होते. आपल्या नेत्यांकडे भक्तीने नव्हे, अभ्यासाने पाहणे, हेच त्यांच्या अनुयायांना शोभणारे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!